घासून काढलेलं कडं

२८ नोव्हेंबर

तांब्याचा हंडा झाला! आंबट ताक, राख आणि माझे दोन्ही खांदे – तेव्हा कुठे हिरवं गेलं. तळ एवढा लखलखला की त्यात माझंच तोंड बघून दचकले. म्हातारी झाले की!

हाल्वर असता तर म्हणाला असता, "हंडा घासतेस की आरसा?" मार्चमध्ये गेला, मला एकटीला टाकून. एवढ्या वर्षांचा नवरा! सकाळी राग्नीचा फोन – "आई, यंदा नाताळची बिअर दुकानातून आणू. उगाच दगदग नको." लेक मायेनेच बोलली, तरी राग आला. या घरात नाताळला दुकानची बिअर? मी सून म्हणून आल्यापासून कधी नाही. इतकी वर्षं तो करायचा, मी धुवायची. यंदा दोन्ही मीच. नाही जमलं तर त्याची बिअर त्याच्याबरोबरच गेली म्हणायची.

३० नोव्हेंबर

लाकडी पिंप कोरडं पडून फळ्याफळ्यांत फटी. पाणी ओतलं, सगळं जमिनीवर! ओतत राहिले वेड्यासारखी.

१ डिसेंबर

एक थेंब गळत नाही! लाकूड फुगलं आणि आपलं आपण मिटलं. ना खिळा, ना डिंक. दर वर्षी बघते, तरी आज हात फिरवत कितीतरी वेळ तिथेच उभी होते. मग जुनिपरच्या झुडपाच्या सुगंधी फांद्या उकळून त्या पाण्याने आतून धुतलं. चुलीच्या खोलीला हाल्वरच्या स्वेटरचा वास आला.

४ डिसेंबर

राग्नी आणि जावई आले. आयरिक गुणी मुलगा, बर्गेन शहरातला, रिकामं बसवतच नाही त्याला. मी गोठ्यात होते तेवढ्यात तोट्या, गाळणं, सगळं कॉस्टिक सोड्याने धुऊन मोकळा. आणि कडंसुद्धा!

हाल्वरच्या आजोबांनी कोरलेलं, लाकडाचे तुकडे एकमेकांत गुंफलेलं कडं. दर खेपेला बिअरच्या फेसात बुडवायचं, वाळवायचं, खिळ्याला टांगायचं. त्यावरचा तपकिरी थर हेच तर आमचं यीस्ट, घरचं विरजण! ते कधी कोणी धुतं?

"आई, बघा, नव्यासारखं झालं! केवढी घाण साचली होती!"

राग्नी पांढरीफटक. "अरे, ती घाण नव्हती रे..."

मी "छान" म्हणाले आणि गोठ्यात जाऊन रडले. हाल्वरचं एवढं एकच जिवंत उरलं होतं घरात.

५ डिसेंबर

माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी कोमट करून वाडग्यात कडं बुडवलं. काही नाही.

६ डिसेंबर

काही नाही. आयरिक धड जेवत नाही. म्हटलं, "जेव रे बाबा, माणूस नाही मारलास."

७ डिसेंबर

सिवर्ट आला! पलीकडचा सिवर्ट – कुंपणावरून भांडण झालं तेव्हापासून हाल्वरशी अबोला धरलेला. दारातच उभा, टोपीसुद्धा काढली नाही. हातात बरणी.

"तुझ्या जावयाने पराक्रम केला म्हणे. हे घे."

"तुझं यीस्ट मी कशी घेऊ, सिवर्ट?"

"माझं कुठलं? तुमचंच आहे. त्या पावसाळी वर्षी माझं नासलं, तर सकाळी माझ्या पायरीवर हाल्वरची बरणी. बोलला एक शब्द नाही, खडूस! मग मीही नाही बोललो."

त्या वर्षी हाल्वर मला म्हणाला होता, बरणी फुटली. लबाड! मी हसले, मग रडले, मग सिवर्टला कॉफी दिली. त्याच बरणीत हाल्वर इतकी वर्षं शेजारी राहत होता आणि मला पत्ता नाही.

८ डिसेंबर

बिअर लावली. सिवर्टही आला मदतीला. गोड पाणी धारोष्ण दुधाएवढं निवलं तेव्हा सिवर्टची बरणी पिंपात ओतली. आता ओरडायचं. यीस्ट घातलं की पिंपावर वाकून जिवाच्या आकांताने ओरडायचं, नाहीतर ते झोपूनच राहतं. हे काम हाल्वरचं. माझा आवाजच फुटेना. मार्चपासून मी मोठ्याने बोललेच नाहीये.

"कुजबुजून काय उठणार ते?" सिवर्ट.

आयरिक पुढे झाला, ओरडला – बकरीसारखा! सगळे हसलो. आणि त्या हसण्यातच माझा गळा सुटला. ओरडले! पुन्हा ओरडले! गोठ्यातल्या गाई हंबरल्या. मार्चपासूनचे सगळे महिने त्या ओरडण्यात बाहेर पडले.

जेवणं उरकली तोवर पिंप फसफसायला लागलं होतं. जिवंत! आम्ही सगळे नुसते बघत उभे.

९ डिसेंबर

भांडी घासायला घेतली. पिंपामागे तो कड्याचा वाडगा राहून गेला होता, ओतून द्यायला उचलला – वरपर्यंत फेस! माझ्या मनगटावर उतू आला.

कडं मेलं नव्हतं. कालपर्यंत त्याच्यासाठी मी ओरडलेच नव्हते.