डोंगरावरून उतरणारी एकच गाडी

तुमचा फोटो काढून टाका म्हटलं तर या घरात कुणी ऐकत नाही. गाडीच्या मागच्या काचेवर केवढा मोठा चिकटवलाय, फेट्यासकट, मिशीसकट, आणि खाली लाल अक्षरात 'आबांचा आशीर्वाद'. धायरीला आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या धुवायला घेतल्या की पहिले तुम्ही धुतले जाता. साबणाच्या पाण्यातून हसत असता. मी गॅलरीत चहा घेऊन बसते आणि माझ्या चहाची चव जाते. जिवंतपणी तुमच्या तोंडावर हसू कधी दिसलं नाही, मेल्यावर फोटोवाल्यानं ते कुठून आणलं? कॉम्प्युटरवर ओठ ओढून देतात म्हणे.

बरं. आबा, मी लिहितेय, तुमची थोरली लेक. चौथीतून काढून शेणात घातलीत ती. तेव्हा अक्षर लागेल तसं वाचा, चुका काढू नका. तुम्हाला मुलगा नव्हता म्हणून जीप माझ्या नवऱ्याच्या हातात दिलीत. ते गरीब माणूस होतं, हात कधी उचलला नाही, तोंड उचलायला मी होते. त्याच्यामागं माझा मुलगा आणि आता माझा नातू. जीप जाऊन पांढऱ्या गाड्या आल्या. वरच्या वाडीतली पोरं पुण्यात कामाला, कुणी खराडीत, कुणी हडपसरला. नातवाला फोन करायचा की गाडी दारातून उचलते, डोंगरावर आईबापाच्या दारात सोडते. एस.टी. अजून पायथ्याच्या गावातूनच माघारी फिरते. म्हणजे तुमच्या वेळेला होतं तेच आहे. त्या डोंगरावर चढायचं, उतरायचं तर गाडी आपलीच.

लोक अजून तुमची गोष्ट सांगतात. झऱ्याची. उतारावर ब्रेक तापायचे म्हणून तुम्ही अर्ध्या घाटात झऱ्यापाशी जीप थांबवायचात, बादलीनं चाकांवर पाणी मारायचात. शिटं, म्हणजे गाडीतली माणसं, खाली उतरायची, पाय मोकळे करायची. परत बसायच्या वेळी एखाद्या दिवशी एक बाई जास्त असायची, पदर तोंडावर, गाठोडं मांडीवर. मारकुट्या नवऱ्याच्या घरातून निघालेली. शिटं न बोलता सरकायची, तिला मधी घ्यायची. पुण्यात उतरेपर्यंत तिच्याकडं कुणी बघायचं नाही, परत गेल्यावर कुणी बोलायचं नाही. तो डोंगराचा कायदाच होता आणि तो पायंडा तुम्ही पाडलात. हे मी नाकबूल करत नाही.

त्या दिवशी मी जीपमध्ये होते. दाढ सुजली होती, तुम्ही पुण्यात दाखवायला नेत होतात. मधी एक पोरसवदा बाई, तिच्या गळ्यावर दोरीचा वळ. झऱ्याच्या खालच्या वळणावर तिचा नवरा आडवाटेनं पुढं उतरून कोयता घेऊन उभा. तुम्ही ब्रेक दाबता. तो म्हणतो, "माझी बायकू हाय गाडीत."

तुम्ही म्हणता, "गाडीत शिटं असत्यात. बायका नसत्यात."

"उतरव तिला, न्हाईतर टायर फाडतो."

तुम्ही सीटखालून जीप सुरू करायचं लोखंडी हँडल काढलंत आणि सावकाश खाली उतरलात, जसं काही पंक्चर बघायला. त्यानं कोयता वर उचलला तेवढ्यात तुम्ही कोपरावर घातलंत. लाकूड मोडावं तसा आवाज आला. हाड बाहेर आलं, पांढरं. मग तो खाली पडला तरी तुम्ही थांबला नाहीत, बरगड्यांत घातलंत, पाठीत घातलंत, तो ओरडायचा बंद होईपर्यंत. बॉनेटवर रक्त उडालं होतं. मागं एक म्हातारा ओकला. तुम्ही हँडल गवताला पुसलंत, जागेवर ठेवलंत आणि म्हणालात, "बसा, उशीर झाला." त्या बाईनं गाठोड्यात तोंड खुपसलं होतं आणि मी, दाढ सुजलेली, फुगून बसले होते. मला वाटलं, माझ्या बापासारखा बाप नाही.

घरी आलो. आईनं रक्तानं भरलेला तुमचा शर्ट दगडावर घासला. सगळी हकिगत तिनं माझ्या तोंडून ऐकली होती. शर्ट पिळता पिळता ती तुम्हाला एवढंच म्हणाली, "मी दुसऱ्या कुणाची असते तर मला पण नेली असतीत." टोमणा नव्हता तो. तिला टोमणे येत नव्हते, ते मला तिच्या वाटचेही आले. तुम्ही उठलात आणि तिच्या कानशिलात दिलीत. एकच. कानातून आधी पाणी आलं, मग रक्त. त्या कानानं तिला पुढं कधी ऐकू आलं नाही.

आणि मग दिवाळीनंतरचा तो दिवस, जो लोकांच्या गोष्टीत नाही. आईनं माझा हात धरला, लुगड्यात चार भांडी बांधली आणि आडवाटेनं मला झऱ्यापाशी आणलं. आम्ही उभ्या. जीप येते. शिटं उतरतात. तुम्ही बादली घेता, पुढच्या चाकांवर मारता, मागच्या चाकांवर मारता, वाफ येते. आमच्याकडं बघितलंत, मग बादलीकडं. शिटं परत चढली आणि सवयीनं सरकली, मधी जागा केली. दोघींपुरती केली, मी बघितलं. तुम्ही बादली मागं अडकवलीत, बसलात आणि गेलात. ती जागा तशीच रिकामी पुण्यापर्यंत गेली. आई धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चल, भाकरी टाकायच्यात." दुसरी गाडी होती कुठं? संध्याकाळी तुम्ही आलात. आधी जेवलात. हात धुतलात. मग ते हँडल आणलंत. पुढची सगळी वर्षं आई वाकूनच चालली आणि लोक म्हणायचे, बाईला वात झालाय. तुम्ही गेलात तेव्हा पुण्याहून बाया आल्या, लेकरंबाळं घेऊन आल्या, देवमाणूस गेला म्हणून रडल्या. मी त्यांना चहा करून दिला.

हे आज का उकरतेय? कारण तुमचा हात घरातून गेलेला नाही. माझा नातू खराडीत मार खातो आणि धायरीत येऊन देतो. तिथं दुसऱ्या गाडीवाल्यांशी सवारीवरून भांडणं होतात, ते चार जण मिळून याची कॉलर धरतात, मग हा घरी येऊन बायकोचा गळा धरतो. नातसून आपल्याच वरच्या वाडीची. मागच्या महिन्यात ती पिशवी घेऊन निघाली. जाणार कशानं? त्याच्याच गाडीनं. हायवेच्या पुलाखाली थांबलेल्या गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हर वाईट नाही, पण पगार कुणाचा? त्यानं मालकाला फोन केला. हा मोटारसायकलवर आला, दार उघडलं आणि केसाला धरून तिला खाली ओढली. कपाळ दारावर आपटलं, भुवई फाटली. आत गाडी भरलेली होती. सगळे मोबाईलमध्ये बघत बसले. तुमच्या शिटांनी निदान जागा तरी केली होती.

डॉक्टरला तिनं सांगितलं, पडले. मी विचारलं, "कुठं पडलीस गं?"

म्हणाली, "गाडीतनं."

"तेवढं खरं बोललीस," मी म्हटलं.

टाके निघाले त्याच आठवड्यात रविवारी सकाळी परत सुरू झालं. तिनं फोनला कुलूप का लावलं म्हणून. मी ओट्यापाशी खलबत्त्यात लसूण ठेचत होते. यानं तिची मान धरून तोंड ओट्यावर दाबलं, तिच्या नाकाचं रक्त माझ्या लसणात पडलं, आणि दुसरा हात टेकायला यानं कुठं ठेवला तर माझ्या खलाच्या शेजारी. उजवा हात. मी बत्ता उचलला आणि मनगटावर घातला. आवाज ओळखीचा होता. तो खाली बसला, "आजीऽ" म्हणून लहानपणी ओरडायचा तसा ओरडला. मी दुसरा घातला असता, पण नातसूनच मधी आली.

माझा मुलगा हॉलमधून धावत आला. "आई, वेड लागलं का तुला? गाडी चालवायचा हात हाय त्याचा!"

"एवढंच काम करायचा का तो?"

"आबा असते ना, तर तुझी जीभ हासडली असती."

"असते तर त्यांचापण हात ओट्यावर ठेवायला सांगितला असता," मी म्हटलं आणि पोरीला म्हटलं, "चपला घाल."

खाली वरच्या वाडीची गाडी भरत होती. मी दार उघडलं, पोरीला मधी बसवलं, शेजारी मी. ड्रायव्हर घाबरला. "आजी, मालकांना फोन करावा लागंल."

"कर की. सांग, आजी बसलीय गाडीत. कोयता घेऊन ये म्हणावं."

त्यानं फोन लावला. उचलणार कोण, मालक फडकं गुंडाळत होता. कानात गाण्याचे बोळे घातलेल्या एका खराडीच्या पोरानं ते बोळे काढले, आमच्याकडं बघितलं आणि आपली बॅग मांडीवर घेतली. घाट चढलो. झरा आटलाय, तिथं आता वडापावची टपरी आहे. तिच्या आईनं दारात आम्हाला बघितलं आणि तोंडात पदर घालून आत पाणी आणायला गेली. मी जेवून त्याच गाडीनं परत आले, कारण मी पळाले नव्हते.

आता घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. नातू प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून सांगतो, हे निघू दे, वर जातो आणि फरफटत आणतो. तो जाईल. त्याच्याच गाड्या आहेत. मी म्हटलंय, तू पहिल्या गाडीनं जा, त्यात मी असेनच. बत्ता मी धुऊन पिशवीत घातलाय. मला चढताना धाप लागते, गुडघा वळत नाही, पण बसायला काय लागतं?

हे पत्र टाकायचं नाही, हे मलाही कळतं. पाकीट आणायला मी कुणाला सांगणार नाही. पण एक लिहून ठेवते. मनगट मोडलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. दुसरा घालायला हात वर गेला होता तो रागानं नाही, त्या बरं वाटण्यानं गेला होता. तुम्हाला असंच वाटायचं का, हे तुम्हाला विचारणार नाही. माहीत आहे.

विचारायचं आहे ते आईला. आई, त्या दिवशी गाडीत घेतलं असतं तर तू मला घेऊन कुठं जाणार होतीस? मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. आता सांग. आणि आबा, तुम्ही मधी बोलायचं नाही. उत्तर तिनंच द्यायचं.