कॉरिडॉरमधला रुबाब

सोमवार, ता. ३
डोकं फिरलंय माझं! घरी न्हाणीघरापर्यंत जायचं तर हे दोनदा भिंत धरतात. आणि आज हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तपासणीवाल्या मुलीने "आजोबा, त्या रेषेपर्यंत चालून दाखवा" म्हटलं मात्र — छाती पुढे, हात हलवत निघाले! जन्मभर पीटीचे मास्तर ना. मी तोंड उघडणार तोच असे डोळे वटारले की मी गप्प. "वा, ठणठणीत आहात की!" ह्यांना कोण आनंद!

घरी आल्यावर खालच्या पायरीवरच बसले. ओठ निळे.

मंगळवार, ता. ४
व्हायचं तेच झालं. ह्यांच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं फिरतं, म्हणून हा दम. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंच्या मनात आधीपासून होतं, मांडीच्या शिरेतून नळी घालायची आणि झडपेला आतून चिमटा लावायचा. छाती उघडायची नाही. एक्क्याऐंशी वय, मूत्रपिंडं अर्धी कामातून गेलेली — मोठं ऑपरेशन झेपायचं नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या. आता कालचा पराक्रम ऐकून सर्जन म्हणतात, "प्रकृती उत्तम दिसते, उघडूनच दुरुस्त करू. जास्त टिकेल."

लेकाला फोन केला. "आई, बाबांना हवं ते करू दे ना." लांबून बोलायला काय जातंय!

गुरुवार, ता. ६
आज जुंपली. "अहो, खरं काय ते सांगा त्यांना!" तर म्हणे, "चिमटा लावून घ्यायला मी काय वाळत घातलेला सदरा आहे?" मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच संताप. टेबलावरच काही झालं तर? "तू आत्तापासून रडू नकोस." कपाळ बडवून घ्यावं नुसतं!

शुक्रवार, ता. ७
अबोला. गोळ्या मात्र माझ्याच हातून हव्यात.

सोमवार, ता. १०
सांगून टाकलं. सर्जनसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर, ह्यांच्या तोंडावर. बनियन मी चढवते. अंघोळ मी घालते. आडवं पडलं की गुदमरतात, म्हणून रात्र खुर्चीत काढतात. हे जमिनीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत मी त्यांना असं कधी उघडं पाडलं नव्हतं.

सर्जन रागावले नाहीत. "पुन्हा चालू या, आजोबा. या वेळी सहा मिनिटं." दुसऱ्याच फेरीला कठडा धरला. मग त्या मुलीचा खांदा. मग खुर्चीच आणली. चिमटा ठरला, गुरुवारी.

म्हणजे मी जिंकले! घरी येऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

बुधवार, ता. १२
भरती केलं. माझ्याशी चकार शब्द नाही. नर्सला म्हणतात, "ह्या बाईंना घरी जायला सांगा." बाईंना! मी हललेच नाही.

गुरुवार, ता. १३
आत नेलं. दाराशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं, तेव्हा माझा हात गच्च धरला. "खरं सांग — ज्यांची आशा सोडलेली असते त्यांनाच चिमटा लावतात ना? मागच्या खेपेला भरती होतो तेव्हा शेजारच्या खाटेवरचा म्हणत होता. म्हणून तर मी तसा चाललो गं."

"नाही हो, वेडे का तुम्ही—" म्हणेपर्यंत दार लागलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. आत निरोप न्यायला कुणी तयार नाही.