प्रत्येक सिग्नलला एकच वाक्य

सर, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली आणि हे पत्र मी तेवढीच वर्षं टाळलं. मधे धामणगावला मोबाइल दुरुस्त केले, नागपुरात पार्सलं वाटली, कुठंच टिकलो नाही. आता अकोल्यात एका झेरॉक्सच्या दुकानात आहे. तुमच्या अमरावतीच्या क्लासखाली मिळायचा तसा गिला वडा इथं नाही, पण ते जाऊ द्या.

दालमिलचं काम मला तुमच्या शब्दावर मिळालं होतं. काट्यावरचं वजन शेतकऱ्याच्या नावापुढं उतरवणारा सी भाषेतला प्रोग्रॅम. तो मधेच मेला तर कारण पडद्यावर दिसायला हवं होतं. प्रोग्रॅम मरताना मशीन कारणाचा जो इशारा देते, त्या सगळ्या सिग्नलांना मी एकच वाक्य लावलं होतं, 'ऑपरेटरने बंद केले', कारण तपासताना मी दरवेळी कंट्रोल-सी दाबूनच तो थांबवायचो. दुसऱ्या कशानं मरेल हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात. "काहून रे, तो कशानं मेला हे तू आपल्या मनानं काहून सांगतं? psignal लाव. सिग्नल जे सांगते तेच छाप." मी हो म्हणालो. खाली मित्र गाडी चालू ठेवून उभा होता, चिखलदऱ्याला जायचं होतं. राहूनच गेलं.

मिलमध्ये काट्यावर नावं टाकायला एक काकू बसायच्या. आठवड्यात तीनदा प्रोग्रॅम बंद पडला आणि तिन्ही वेळा पडद्यावर माझंच वाक्य आलं.

"मी हातबी नाही लावला, मालक."

"मंग मशीन खोटं बोलून राह्यली काय?"

मी तिथंच उभा होतो, सर. घरी येऊन माझं वाक्य काढलं, तुमचं psignal लावलं, तर पडद्यावर आलं: सेगमेंटेशन फॉल्ट. मी नावासाठी ठेवलेल्या जागेपेक्षा लांब नाव टाकलं की तो कोसळायचा. चूक माझीच. सकाळी गुपचूप दुरुस्त केली. पण मालकानं तोवर काकूंना काट्यावरून काढून झाडलोटीला लावलं होतं. त्या दिवसापासून प्रोग्रॅम बंद पडेना, म्हणजे त्याच बंद करत होत्या हे सगळ्यांच्या लेखी पक्कं झालं.

तुम्ही विचारलं होतं, "गडबड तुया कोडात तं नव्हती ना?" मी म्हटलं, नाही सर. तुम्ही माझ्यासमोरच मालकाला फोन लावलात. "पोरगं खोटं नाही बोलत," म्हणालात.

आज सकाळी मी मालकाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं फक्त "कुठं असतं आता?" विचारलं, मी दुकानाचा पत्ता सांगितला आणि त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, येईल तर तोच येईल, शिव्या द्यायला.

सर, आत्ता दुकानाच्या पायरीवर काकू आल्या आहेत, एकट्याच. आत बघतायत. मी अजून मान वर केलेली नाही, काहीतरी लिहितोय असं दाखवतोय.