पिंपाचा घास

दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र काही खरं नाही. प्राध्यापकबाईंच्या पुस्तकासाठी काढलेलं डिडिनियमचं चित्र दुसऱ्यांदा परत आलं.

तळ्याच्या पाण्यातला हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. आकार पिंपासारखा, अंगाभोवती बारीक केसांचे दोन पट्टे, पुढे नाकासारखं टोक. त्या टोकाने तो आपल्याहून मोठं पॅरामेशियम पकडतो आणि अख्खं गिळतो. मी सगळं काढलं, पण दुकानांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं हसऱ्या गाई आणि लाजऱ्या कोंबड्या रंगवल्या, ती हाताची सवय जाते कुठे? माझं पिंप हसतंय. बाई म्हणाल्या, त्याला तोंड आहे, चेहरा नाही. गिळताना अंग कसं ताणतं ते दाखवा. आणि मी पेन्सिलीला टोक करेपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली याचं जेवण उरकलेलं असतं.

सोमवारी तिसरं चित्र नापास झालं, तर काम दुसऱ्याकडे जाईल. ताई, मला हे काम फार हवंय गं.

कळावे. लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त लागेल.

तुझी धाकटी

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी डोळे पूस. आपल्याहून मोठा घास अख्खा गिळणारा जीव बघायला तुला भिंग कशाला हवं? माझ्या घरात एक आहे. तुझे भावोजी उकडलेलं अंडं चावत नाहीत, तुला ठाऊकच आहे. मान लांबते, गळा फुगतो आणि अंडं कुठवर पोचलं ते समोरच्याला दिसतं.

रविवारी ये. डझनभर उकडून ठेवते. तुला त्यांचं पोर्ट्रेट काढायचंय, असं ह्यांना सांगून ठेवलंय. तेव्हापासून आरशासमोरून हलत नाहीत. सावकाश गिळा, एवढं मात्र तूच सांग. माझं ते ऐकत नाहीत.

लोभ आटला असता तर एवढी अंडी आणली नसती.

तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चित्र पास झालं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. गळ्याचा ताण इतका खरा त्यांनी कुठे पाहिला नव्हता म्हणे. नमुना कुठल्या तळ्यातला, असंही विचारलं. घरचाच आहे, म्हटलं. जिन्यात येऊन मी चक्क रडले, आनंदाने. आता सगळं पुस्तक माझ्याकडे आलंय.

सोबत चित्राची प्रत आहे. भावोजींना कसं सांगायचं ते तू बघ. पुढचं चित्र अवघड आहे. पोट भरलं की डिडिनियम मधोमध आवळत जातो आणि एकाचे दोन होतात. रविवारी येऊ का?

लोभ असाच राहू दे.

तुझी धाकटी

दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हातातलं पातेलं खाली न ठेवताच नाचले. फार अभिमान वाटला गं.

ह्यांना सगळं खरं सांगितलं. चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, नाक जमलंय, पण आपण पट्टा एकच लावतो. आता ते बैठकीच्या खोलीत लागलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यासमोर उभं करतात.

पुढच्या चित्राचंही विचारलं. ताटं वेगवेगळी मिळणार असतील, तर एकाचे दोन व्हायला हे तयार आहेत.

मी तयार नाही. भिंगाखाली बघ.

लोभ आहेच,
तुझी ताई