चौथ्या वेळीही तिलाच उतरवलं

देवळाली कॅम्प,
मंगळवार, दि. २० जानेवारी २००४

चि. सौ. सुवर्णा,

अनेक आशीर्वाद. माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितोय. इकडे सगळं ठीक. थंडीने तुझ्या मंजुषाकाकूंचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा त्या स्वतः जास्त. परवा बाजारात तुझी आई भेटली, मेथीच्या जुड्या बांधत होती. “सर, पोरीचा डावा हात अजून वर जात नाय. नातीची वेणी मलाच घालावी लागती,” म्हणाली. मी मेथी घेतली आणि निघालो.

शाळेतून रिटायर झाल्यापासून मला एक खूळ लागलंय. पुतण्या ओमने कॉम्प्युटरवर आपल्याच बेसबॉलचा गेम टाकून दिला. त्यात बॅट-बॉल हातात घ्यायचा नसतो, आपण नुसते मॅनेजर. सतरा-अठरा वर्षांची पोरं निवडायची, खालच्या टीममध्ये दोन-तीन वर्षं मुरवायची, कोणाला कधी खेळवायचं, कधी बसवायचं ते ठरवायचं. प्रत्येक पिचरच्या नावापुढे एक पट्टी असते, बॉल टाकून टाकून तो दमला की ती लाल होते. काकू म्हणतात, “आयुष्यभर पोरींना उन्हात पळवलंत, आता खुर्चीत बसून पळवा.”

खेळाडूंची नावं बदलता येतात. एक डावखुरा पिचर मिळाला, त्याला मी तुझं नाव दिलं. रागावू नकोस. हिला जपायचं असं ठरवूनच दिलं होतं आणि दोन सीझन जपलंही. मग फायनल आली. पट्टी लाल होती, तरी मी तुला उतरवलं आणि खांदा गेला. गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, पुन्हा तेच. असं चार वेळा झालं, सुवर्णा. चौथ्या वेळी पुढे काय होणार ते मला पाठ होतं, तरी बोट थांबलं नाही.

आता जे आठ वर्षं टाळलं ते लिहितो.

शहाण्णव साली धुळ्याच्या फायनलआधी तुझा खांदा दुखत होता. द्वारका चौकातल्या डॉक्टरांकडून रिपोर्ट आणायला मी गेलो होतो. तुला येऊन म्हणालो, “काही नाही गं, आखडलाय. शेक घे.” रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, सहा आठवडे एकही बॉल टाकायचा नाही. तू दोन दिवसांत तीन मॅच टाकल्यास आणि आपण जिंकलो. नंतर तुझा हात वर जाईना, तेव्हा मी असोसिएशनला सांगितलं की पोरीने दुखणं लपवलं. ते तुझ्या कानावर गेलं आणि तू मैदान सोडलंस. लपवलं मी होतं. मला स्वतःची लाज वाटते.

मखमलाबादच्या गोरक्षची वेदिका सध्या माझ्याकडे शिकते. चौदा वर्षांची आहे आणि तुझ्यासारखीच डावखुरी. येत्या रविवारी जिल्ह्याची फायनल. काल म्हणाली, “खांदा ठणकतोय सर, पण टाकते ना मी.” तिला घरी पाठवलं, तर संध्याकाळी गोरक्ष आला. “सर, एवढी फायनल होऊन जाऊ द्या. मंग बसवा तिला महिनाभर.” मी त्याला नाही म्हणालो नाही. खरं सांगतो, मलाही ती उतरायला हवी आहे. गोरक्षची समजूत घालता येईल, पण रविवारी मैदानावर माझा मलाच भरवसा नाही.

म्हणून तू ये. सकाळी आठ वाजता, आपल्या जुन्याच मैदानावर. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. टीमची यादी तू लिही. यादीचा कोरा फॉर्म सोबत आहे, खाली माझी सही केली आहे. प्रत्येक टीमला एकच फॉर्म मिळतो, त्यामुळे तुझ्याशिवाय आता मला कोणालाच उतरवता येणार नाही. तुझा तो रिपोर्टही पाठवतोय. तो मी फाडला नव्हता. यादी लिहिण्याआधी वेदिकाला आणि गोरक्षला वाचून दाखव.

पत्राखाली नेहमी ‘तुझे सर’ लिहायचो. आज नुसतंच,

चिमाजी दातीर