मास्तर आला नाही तो झरा

प्रिय यशवंता,

जयभीम. तू जाऊन दीड वर्ष होत आलं आणि इतक्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय ते आठवण आली म्हणून नाही. तुझ्यावर संतापलोय म्हणून लिहितोय. आत्ताच पिपरटोल्याच्या ग्रामसभेतून घरी आलो, अजून हातपाय धुतलेले नाहीत. चाळीस माणसांसमोर माझी जी शोभा झाली ना, ती तुझ्यामुळे! मेल्यावर तरी माणसानं दोस्ताची अशी फजिती करू नये.

झालं असं. गावानं जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा करायचं ठरवलंय. मोह, तेंदू, बांबू, डिंक जिथून बापजाद्यांपासून आणला, ते रान गावाच्या वापरातलं आहे हे कागदावर दाखवायचंय. त्याला नकाशा लागतो. हद्द कुठून कुठवर, नाले कोणते, टेकड्या कोणत्या, पाणी कुठे, सगळं नावानिशी. गावातली जुनी जाणती माणसं बरीचशी गेली. तेव्हा म्हाताऱ्या मैनाबाईला तू आठवलास. "लाइनमन यशवंताभाऊ तीस वर्सं आमच्या रानात फिरला. सारं वहीत लिवत जाय," असं तिनं सांगितलं म्हणे.

रंजनावहिनींनी तुझ्या सातही वह्या तांदळाच्या चुंगडीत घालून माझ्याकडे पोचवल्या. आणि मी, भूगोलाचा रिटायर्ड मास्तर, ती चुंगडी मांडीवर घेऊन ऐटीत एसटीनं निघालो. आता आपण वह्या उघडणार आणि गावाचं काम फत्ते होणार!

पहिली वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. "मास्तरची चप्पल तुटली तो नाला." पुढची ओळ, "मास्तर घसरला ती दरड." कुणीतरी खुसकन हसलं. त्याच्या पुढची, "अस्वल पाहून मास्तर चढला ते मोहाचं झाड. अस्वलालेही चढता येते हे मास्तरले मालूम नव्हतं." मग काय विचारतोस! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि मी चष्मा पुसत उभा.

अंतराचं तर बोलायलाच नको. "नाल्यापासून दीड बिडी." "दरडीपासून तीन बिड्या, चढ हाय." वनहक्क समितीचा सचिव बिचारा पेन उघडून बसलेला. त्यानं विचारलं, "सर, दीड बिडी म्हंजे किती किलोमीटर लिवू?"

काय सांगू त्याला? सांग ना! तू एक बिडी पेटवायचास आणि ती विझेपर्यंत जितकं चालणं होईल ते तुझं माप. मी शंभरदा म्हटलं, अरे यशवंता, जन्मभर पोरांना नकाशे शिकवलेला माणूस तुझ्यासोबत चालतोय, निदान पावलं तरी मोज. तू हसायचास. "पावलं मोजली का रान दिसत नाई मास्तर." आणि त्याच बिडीनं तुझी छाती पोखरली. तेव्हाही हसतच होतास, खोकता खोकता. त्याचा राग वेगळाच आहे, तो आज काढत नाही.

पण गावातली नावं का नाही लिहिलीस रे? लोक तुला सांगत होते, मी ऐकलेलं आहे. प्रत्येक नाल्याला, खडकाला गोंडीत नाव आहे. एकदा मी चिडून विचारलंही होतं. तू म्हणालास, "ते नावं त्यायचे हायेत. आपण पाहुणे. पाहुण्यानं घरातलं भांडं उचलून आणू नये." मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. आज त्या घरावर त्यांनाच हक्क दाखवायचाय, भांडी कोणती ते सांगणारं माणूस उरलेलं नाही, आणि तुझ्या वहीत काय? माझी चप्पल!

तसा तू मोठा नियमाचा माणूस. पिपरटोल्याच्या शिवेवर तो गोट्यांचा ढीग आहे ना, रानात शिरताना प्रत्येकानं एक गोटा ठेवायचा. तू कधी चुकला नाहीस. मी डिवचायचो, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला तू, आणि गोटे वाहतोस?" तू म्हणायचास, "मी पूजा करून राह्यलो का? ज्याच्या घरात शिरून राह्यलो, त्याले जयभीम तर करन का नाई?" कधी मी मागे राहिलो, धापा टाकत, तर माझाही गोटा तूच ठेवायचास. आळशी दोस्ताचं सगळं तूच करायचास.

बरं, तर सभा. मी वह्या बंद करून चुंगडीत कोंबणारच होतो. तेवढ्यात मैनाबाई म्हणाली, "थांबा मास्तर. चप्पल तुटली तवा आसपास का होतं, थे सांगा."

मी सांगितलं. कहूचं वाकडं झाड, नाल्यात कासवाच्या पाठीसारखा खडक, त्यावर बसून तू तारेनं माझी चप्पल शिवलीस. लाइनमनच्या पिशवीत तार नाही असं कधी झालं का? मैनाबाईनं डोळे मिटले, शेजारणीशी गोंडीत काहीतरी बोलली, आणि तिघीचौघी एकदम ओरडल्या. नाव सापडलं! सचिवानं लिहून घेतलं. मग दरड. मग मोहाचं झाड. मी माझी फजिती रंगवून सांगायची आणि त्यांनी नाव सांगायचं. चार तास हेच चाललं. तुझ्या वह्या जगात फक्त मलाच वाचता येतात, यशवंता. हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असून असं लिहिलंस का? मग मी आधी मेलो असतो तर?

सातव्या वहीच्या शेवटच्या पानावर मात्र अडलो. तिथे लिहिलंय, "मास्तर आला नाही तो झरा. मे महिन्यात गार पाणी. दरडीपासून चार बिड्या, उगवतीकडं. दोन गोटे ठेवले. एक मास्तरचा."

मी वाचायचा थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते, आता मास्तर पुढची गंमत सांगणार म्हणून. मी पान उलटून पाहिलं. झाड कोणतं, खडक कसा, काही नाही. मी नव्हतोच ना तिथे.

मैनाबाई मात्र सरसावून बसली. "उन्हाळ्यात पाणी? हाच तो! लहान होती तवा मायनं नेलं होतं मले. आमची शीव तिथी सरते. वाट मोडली, मंग कोनी गेलंच नाई." म्हणजे हद्दीचा तो कोपरा फक्त तुझ्या त्या चार ओळींत आहे. पुढच्या महिन्यात पाहणीला माणसं येणार आहेत. झरा दाखवता आला नाही तर त्या बाजूचं सगळं बांबूचं रान हद्दीबाहेर जाईल.

आणि मी का नव्हतो, हे मी सभेत सांगितलं नाही. गुडघे दुखत होते म्हणालो. तू तरी ते खरं मानू नकोस. त्या मे महिन्यात तू बोलवायला आलास तेव्हा मी नवा मोबाइल घेऊन बसलो होतो. तुझी वही चाळली आणि म्हटलं, "हा पोरखेळ आता पुरे. यात सगळं आपोआप नोंदलं जातं, तुझ्या बिड्या कोण वाचणार?" वही शर्टाच्या आत घातलीस आणि गेलास. परत आल्यावर फोन केलास, "मास्तर, एक जागा सापडली. तुले दाखवतो." मी म्हटलं, "बघू, दिवाळीनंतर." दिवाळीला तू खाटेवर होतास. तेव्हाही मी झऱ्याचं विचारलं नाही. लाज वाटत होती आणि ती रागासारखी मिरवत होतो.

तू तरी भांडायचं होतंस! एक शिवी हासडायची होतीस. गुपचूप जाऊन माझा गोटा ठेवून येतोस आणि मला कळतं ते आज, चाळीस माणसांसमोर. हा कुठला न्याय?

उठता उठता मी सचिवाला म्हटलं, चार बिड्यांचा हिशोब काही लागायचा नाही, मी ओढत नाही. मैनाबाईनं कमरेची चंची सोडली, बिडी काढून कानावर ठेवली आणि म्हणाली, "म्या ओढतो न. तुमी मांगून या. मोह पडाच्या आंधी जाऊ, मंग मले टाइम नाई भेटत."

तेव्हा बुधवारी निघतोय. दरडीपासून उगवतीकडे, मैनाबाईच्या चार बिड्या. ती तुझ्याइतकी भरभर चालते की नाही माहीत नाही. एका दिवसात नाही सापडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दरडीपासून सुरू करू. गुडघ्याला पट्टा बांधलाय. मोबाइल घेईन, पण खिशात ठेवीन. झरा सापडल्याशिवाय मी परत फिरणार नाही, हा तुला शब्द. तिथे मी गोटा ठेवणार नाही. माझा तू आधीच ठेवलेला आहेस.

वही सोबत नेतोय. तुझी ओळ खोडणार नाही. तिच्याखाली मैनाबाई सांगेल ते नाव लिहीन आणि त्याखाली माझ्या अक्षरात एवढंच: मास्तर उशिरा आला.

चप्पल तुटलेला, घसरलेला, झाडावर चढलेला,
तुझाच
मास्तर