कारणाचा रकाना

३ मार्च
बाहेरच्या ऑर्डरी बंद. तयार बॅगा गोदामात पडून. आज जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं — नवरा-बायको दोघंही इथेच असतील, तर त्यातलं एकच राहील. "घरी बसून ठरवा. सोमवारी सांगा."
ठरवा म्हणे! आम्ही सात जोडपी. कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. बायका डबे धुवायला उठल्या.

५ मार्च
हे पॅकिंगला, मी चामडं तपासायला. बारा वर्षं. डोळ्यांना दिसत नाही ते माझ्या तळहाताला लागतं — पातळ जागा, रंगाखाली बुजवलेला ओरखडा. लागलं की खडूने गोल करायचा. कापणारा तेवढी जागा सोडून कापतो.
हे म्हणाले, "तूच ठरव. माझी जबरदस्ती नाही." आणि लगेच, "आईचं मात्र बघ." सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. नणंदेचाही फोन — "वहिनी, आईला घरचंच माणूस हवं गं." म्हणजे लेक पाहुणी आणि सून घरची! जबरदस्ती कशाला करायला हवी?

७ मार्च
दिला राजीनामा. क्लार्कने कागद तयारच ठेवले होते. कारणाच्या रकान्यात आधीच छापलेलं — 'कौटुंबिक कारण'. सात कागद, सातही बायकांचे.
"परत बोलवायची वेळ आली तर नंबर हाच ना?" मी मान डोलावली. नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता, यांचाच दिला होता. बदलायचं सुचलंच नाही.

२१ मार्च
भांडं द्या, कूस बदला, पाठीला पावडर लावा, चादर धुवा. हे कामावरून येऊन पाय पसरतात. "मजा आहे बुवा तुझी!" अंगाचा तिळपापड झाला. चहा मात्र केला.

२ एप्रिल
नवल! परवा यांनी आपणहून विचारलं, चामड्यातला दोष तुला कळतो कसा. "इतकी वर्षं शेजारी काम केलं, कधी विचारलंच नाही मी." मी विरघळले. जपून ठेवलेले तुकडे काढले, यांचा हात धरून फिरवला. जोर द्यायचा नाही, बोटं सैल, श्वास सावकाश. सलग तीन संध्याकाळी शिकवलं. लग्नानंतर एवढं कधी बोललो नव्हतो.

१० एप्रिल
हे हल्ली खुशीत. माझ्यासाठी नवी चप्पल आणली — घरात घालायची.

१८ एप्रिल
सासूबाईंचं अंग पुसत होते. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुला बोलावणं आलं होतं गं. दोनदा. इथेच उभा राहून बोलला तो. म्हातारीला काय कळतंय, असं वाटलं असेल."
फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. माझ्या जागी बसवलेल्याने दोष सोडले, अख्खा माल परत आला. साहेबांना मी हवी होते. पहिल्या फोनला हे म्हणाले, "ती आईला सोडून यायला तयार नाही." मग माझ्याकडून शिकून घेतलं. दुसऱ्या फोनला सांगितलं, "तिचं सगळं काम मला येतं." आता माझं टेबल यांचं. पगारही वाढला.
आणि मी यांचा हात हातात धरून शिकवत होते! शी!
"आधी का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.
"तू गेलीस तर माझं कोण करणार, म्हणून." त्या रडल्या. मला रडू आलं नाही. राग आला, दोघांचाही.
"मग आता का सांगताय?"
"काल पाणी मागितलं. तो ग्लासाशेजारीच बसला होता. जागचा हलला नाही, तुला हाक मारली." मग म्हणाल्या, "जा तू. आई मी त्याची आहे."
पाणी गार झालं होतं. दुसरं आणून त्यांची पाठ पुसली.

२० एप्रिल
कारखान्यात जाऊन माझी जागा परत मागितली. यांनी पास केलेलं चामडं साहेबांनी माझ्यापुढे पसरलं. हात फिरवला. नऊ गोल काढले. साहेब म्हणाले, "नियम माहीत आहे ना? जोडप्यातलं एकच." माहीत आहे म्हटलं, आणि क्लार्कला माझा स्वतःचा नंबर दिला.
त्याने यांच्या नावाचा कागद काढला. कारण आधीच छापलेलं होतं.